तो पाव दुसराच होता

"बघा," ब्रदर लायल म्हणाला, आणि कम्युनिटी हॉलमधल्या दीडशे माणसांनी श्वास रोखून धरला.

टेबलावर एक पाव होता, वर पांढरं कापड झाकलेलं. त्यातला कडेचा जाड काप ब्रदरने आमच्या सगळ्यांदेखत कापून माझ्या बहिणीच्या हातात दिला होता, आणि नोरीनने तो अर्धा खाल्लाही होता. मग ब्रदरने उजवा हात वर नेला, डोळे मिटले आणि मिनिटभर छताशी काहीतरी बोलला. आता त्याने कापड ओढलं. पाव अख्खा होता. दोन्ही टोकं शाबूत, वरच्या तीन चिरा जागच्या जागी.

"पाव भरून आला," तो म्हणाला. "ज्याने पाव भरला त्याला काळीज भरायला कितीसा वेळ? नोरीनबाई, तुमच्या काळजात डॉक्टरांनी लोखंडाची झडप बसवली ना? झडप राहू दे तिथेच, दागिना म्हणून. पण उंदीर मारायच्या औषधाची गोळी माणसाने रोज खायची? तुम्ही काय उंदीर आहात?"

लोक हसले, मग रडले. चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत काढलेला आणि बायकोच्या अंत्ययात्रेत डोळ्यांतून टिपूस न काढलेला म्हातारा हार्व्ह रुमालात नाक शिंकरत होता. मी तिसऱ्या रांगेत बसून पावाकडे बघत होते. पाव माझा होता.

मी काही बेकरीवाली नाही. मी व्हर्ना, पोस्टातून निवृत्त झालेली बाई, घरच्या ओव्हनमध्ये हौसेने भाजते. पण सहा उन्हाळे आमच्या स्प्रूस लँडिंग गावात त्या टीव्ही मालिकेचं शूटिंग व्हायचं, ती गोड पाववाली बाई दर आठवड्याला एक खून उलगडते ती मालिका. त्यातली प्रत्येक पाई, म्हणजे फळं भरून भाजलेली गोल पेस्ट्री, आणि प्रत्येक पाव माझ्या हातचा. पडद्यावर एक पाई दिसते, पण मागे तशाच दहा लागतात. कारण नटीने एकदा काप काढला की पुढच्या वेळी पाई पुन्हा अख्खी हवी. तेव्हापासून माझे पाव एकाच साच्यातले, एकाच वजनाचे, वर तीनच चिरा. कोऑपच्या दुकानात मी आठवड्याला डझनभर देते. माझी चीर मी दुरूनही ओळखते.

म्हणजे पाव दोन होते, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. पहिला जातो कुठे आणि दुसरा येतो कुठून, हे मात्र कळेना.

त्या दिवशी घरी येऊन नोरीनने गोळ्यांची डबी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली.

"नोरीन, उंदराच्या औषधातलं द्रव्य असलं तरी ती गोळी रक्त पातळ ठेवते. नाही घेतलीस तर त्या झडपेवर गाठ धरेल," मी म्हणाले.

"आठ वर्षं घेतेय ना? आठ वर्षं जरा खरचटलं की निळी-जांभळी होते. महिन्याला रक्त तपासायची सुई. पालकाने गोळीचा जोर कमी होतो, तर तोही विचारून खायचा. कंटाळले मी, व्हर्ना."

"तो पाव दुसरा होता."

"तू बदलताना पाहिलास?"

"नाही."

"मग?" ती हसली. "त्या मालिकेपायी तुझं डोकं फिरलंय. तुला प्रत्येक बरणीत विष दिसतं. या वर्षी शूटिंगवाले आले नाहीत, तर आता ब्रदरच्या मागे लागलीस."

एवढं मात्र खरं होतं की या वर्षी ते आले नव्हते. मालिका बंद पडली होती. आमच्या मुख्य रस्त्यावरचं त्यांचं खोटं पावाचं दुकान तसंच उभं होतं, आत नुसत्या फळ्या. गावाला काही सुचेनासं झालं होतं. सहा उन्हाळे आम्ही सगळे मालिकेतल्या गर्दीत उभे राहिलो होतो, सांगितल्यावर हसलो होतो, प्रेत सापडलं की सांगितल्यावर दचकलो होतो. मे महिन्यात ब्रदर आला आणि त्याने पुन्हा सगळ्यांना एका ठिकाणी बसवलं. लोकांना तेवढंच हवं होतं, असं मला वाटतं.

आणि त्याची जीभ! गुडघा दुखायचा थांबला तर चमत्कार. दुखतच राहिला तर दुखणं निघायच्या तयारीत आहे. जास्त दुखला तर दुखणं दारापर्यंत पोचलंय, आता मागे बोलावू नका. या हिशेबात माणूस मेला तरी दुखणं गेलंच म्हणायचं. पैसे तो मागत नसे. दारात एक बरणी असायची, तिच्याकडे तो बघतसुद्धा नसे, आणि ती भरायची.

ब्रदरची सभा गुरुवारी असे; मी पुढचे लागोपाठ तीन गुरुवार गेले. एकदा पुढून पाहिलं, एकदा डावीकडून, एकदा अगदी टेबलाजवळ बसून. ब्रदरच्या बाह्या तपासल्या, टेबलाखाली वाकून पाहिलं. काही नाही. पाव कापला जाई, झाकला जाई, भरून येई. चौथ्या आठवड्यात नोरीन टवटवीत दिसायला लागली, आणि मी रोज सकाळी ती जिना कशी चढते ते कान देऊन ऐकायला लागले. तोंड बंद ठेवावं तर जीव राहत नव्हता, आणि उघडावं तर ती खोलीत जाऊन दार लावून घेई. साठी उलटलेल्या बहिणीच्या घशात गोळी कोंबता येत नाही.

शेवटी डॉक्टर मुरिएल पेटकाऊ स्वतः आमच्या दारात आल्या. त्या फेब्रुवारीत सस्कॅचवान प्रांतातून आल्या होत्या, गावात नव्या. नोरीन रक्ततपासणीला आली नाही म्हणून त्यांनी दोनदा फोन केला होता. नोरीनने त्यांना कॉफी दिली, लिंबाची वडी दिली, आणि गोळीबद्दल एक शब्द बोलू दिला नाही.

"मला त्या माणसाकडे घेऊन चला," बाहेर पडताना डॉक्टर मला म्हणाल्या.

गुरुवारी आम्ही मागे उभ्या राहिलो. पाव कापला, झाकला, हात वर गेला, पाव अख्खा. लोक रडले. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर नुसता गोंधळ होता.

"व्हर्ना, हे सगळे नाटक म्हणून बघतायत का?"

"नाही हो. का?"

"मग तो काळ्या कपड्यातला माणूस कोण?"

"कुठला माणूस?"

त्यांनी बाजूच्या दाराकडे बोट केलं. "अहो, तो. कानाला हेडफोन, कमरेला चिकटपट्टीचं बंडल. आत्ता सगळ्यांसमोरून टेबलापाशी गेला, दिव्याची तार सारखी केल्यासारखं केलं, कापडाखालचा पाव काढून बगलेत घेतला, दुसरा ठेवला आणि त्या दाराने गेला. लपूनछपून नाही. चालत गेला. तुम्ही त्याच्याकडेच बघत होतात."

मी त्या दाराकडे वळून पाहिलं.

मी पाहिलं होतं त्याला. तीनही गुरुवारी पाहिलं होतं. पण आम्हा स्प्रूस लँडिंगच्या माणसांना सहा उन्हाळे एकच शिकवलं होतं: कॅमेऱ्यात बघायचं नाही, आणि काळ्या कपड्यातल्यांकडे बघायचं नाही. ते तारा ओढतात, खुर्च्या हलवतात, पाई बदलतात, आणि ते तिथे नसतातच. ज्याची नजर वळे त्याला गर्दीतून काढत, दुपारचं जेवणसुद्धा मिळत नसे. पहिल्या वर्षी हार्व्हला तीनदा काढलं होतं. दुसऱ्या वर्षापासून आमच्यातल्या कुणालाच काढावं लागलं नाही. आम्हाला त्याचा अभिमान होता.

"नोरीनला सांगा," डॉक्टर म्हणाल्या.

सांगितलं. नोरीन म्हणाली, "बाहेरची बाई आहे ती. तिला आपल्यातलं काय कळणार?"

मग मी त्या मालिकेतल्या बाईसारखं वागायचं ठरवलं. पुढच्या गुरुवारी दोन पाव भाजले. एकाच्या पिठात बीट किसून घातलं आणि वरून साध्या पिठाची जाड पोळी गुंडाळली. बाहेरून दोन्ही सारखेच, तीन चिरा, तोच रंग, पण कापल्यावर एक पांढरा आणि एक लालभडक. कोऑपच्या काउंटरवर गेल नावाची बाई असते, तिला म्हणाले, "ब्रदरचा माणूस आला की त्याला हे दोन दे." गेलने का म्हणून विचारलं नाही. कुठलाही पाव आधी कापला तरी दुसरा वेगळा निघणारच होता. मला वाटलं, आता त्याला सुटायला जागा नाही.

हॉल भरला होता. नोरीन पहिल्या रांगेत. ब्रदरने पाव कापला, आत पांढरा. काप एका संधिवाताच्या बाईला दिला. झाकला, हात वर, प्रार्थना, कापड ओढलं, पाव अख्खा. मग नेहमीप्रमाणे सगळ्यांना प्रसाद वाटायला त्याने त्यात सुरी घातली.

लाल.

एक क्षण त्याचा चेहरा खरा झाला, म्हणजे घाबरलेला. मी पुढे सरकले. तेवढ्यात त्याने तो लाल काप दोन्ही हातांनी उंच धरला आणि भरल्या आवाजात म्हणाला, "रक्त. मित्रांनो, पावाला रक्त आलं."

हॉल गुडघ्यांवर गेला. खुर्च्या सरकल्या, माणसं अक्षरशः खाली बसली. नोरीन तर कपाळ जमिनीला टेकून रडत होती. आणि मी, जिने ते बीट सकाळी किसलं होतं, जिची नखं अजून लाल होती, मी ओरडले, "बीट आहे ते! मी घातलंय!" कुणी मान वळवली नाही. नखं दाखवली. शेजारची बाई माझा हात धरून म्हणाली, "व्हर्ना, तुझ्या हातालासुद्धा आलं गं." आणि तिने माझी बोटं डोळ्यांना लावली.

इतकी हतबल मी आयुष्यात झाले नव्हते. पुरावा माझ्या हातावर होता आणि लोक त्याच्याच पाया पडत होते.

बाजूने काळ्या कपड्यातला माणूस पांढरा पाव बगलेत घेऊन, सरकलेल्या खुर्च्यांमधून वाट काढत दाराकडे चालला होता. कुणाच्याही गुडघ्यापासून हातभर अंतरावरून. आणि मग माझ्या तोंडून एक शब्द निघाला, सहा उन्हाळे दिवसातून पन्नास वेळा ऐकलेला, त्याच हेलात.

"कट!"

दीडशे माणसं सैल झाली. खांदे उतरले, कुणी पाठ चोळली, कुणी जांभई दिली, आणि सगळे इकडेतिकडे बघू लागले. कटनंतर बघायची मुभा असते. काळ्या कपड्यातला माणूससुद्धा थांबला. त्यालाही तीच सवय. तो हॉलच्या मधोमध उभा होता, बगलेत पाव, पावाचं टोक कापलेलं.

"अरे," हार्व्ह म्हणाला, "हा कधीपासून आहे इथे?"

"पहिल्या दिवसापासून," मी म्हणाले. "पाव दोन आहेत, हार्व्ह. पहिल्या दिवसापासून दोनच आहेत."

कुणी दगड मारले नाहीत, कुणी पोलिसांना बोलावलं नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही. लोकांनी खुर्च्या रचल्या. ब्रदर कोट घालून मागच्या दाराने निघाला, तेव्हा संधिवाताच्या बाईने त्याला वाटेसाठी थर्मासभर कॉफी दिली. "काही म्हणा, बोलायचा छान," ती मला म्हणाली.

नोरीन माझ्याबरोबर घरी आली. दारात म्हणाली, "सगळ्यांसमोर जमिनीला डोकं टेकलं मी."

"सगळ्यांनीच टेकलं. गोळी घे."

तिने फळीवरून डबी काढली, माझ्यासमोर गोळी घेतली. मला वाटलं, सुटलो. मालिकेत इथे चहा येतो, सगळे हसतात आणि नावं वर सरकायला लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपात कॉफी ओतताना तिच्या हातातून भांडं सुटलं. ती माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली आणि त्यात एकही शब्द नव्हता. डॉक्टर पेटकाऊ धावत आल्या. नंतर दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये त्यांनी सांगितलं की एका गोळीने काही होत नाही, रक्त पातळ व्हायला दिवस लागतात, आणि गाठ त्या पाच आठवड्यांतच धरली होती, तीच सुटून मेंदूत गेली. आम्ही चमत्कार गुरुवारी उघडा पाडला. गाठीला आमचा गुरुवार ठाऊक नव्हता.

आता नोरीन खिडकीशी बसते. उजवा हात मांडीवर ठेवावा लागतो, तो आपण ठेवला तिथेच राहतो. शब्द तीन-चार आले आहेत. रोज सकाळी मी गोळी तिच्या डाव्या तळहातावर ठेवते आणि ती निमूट घेते.

परवा दुपारी टीव्हीवर त्या मालिकेचा जुना भाग लागला. जत्रेचा प्रसंग होता. गर्दीत आम्ही दोघी, नोरीन माझ्या दंडाला धरून हसतेय. मी बंद करायला उठले, तर तिने डावा हात वर केला. ती आमच्याकडे बघत नव्हती. दुकानाच्या काचेत, अगदी कोपऱ्यात, एक प्रतिबिंब होतं: काळे कपडे, हातात माझी पाई. चेहरा स्वच्छ दिसत होता. तो ब्रदर लायल होता. एक अख्खा उन्हाळा तो आमच्यात वावरला होता. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मीच त्याच्या हातात त्या पाई दिल्या असतील, वर एकदाही न बघता.

"तो," नोरीन म्हणाली. जीभ जड होती, पण शब्द बरोबर होता. "तो."

म्हणून हे लिहिते आहे. वर गेलेल्या हाताकडे सगळेच बघतात, तुम्ही दुसऱ्या हाताकडे बघा. ज्याच्याकडे बघायचं नाही असं तुम्हाला शिकवलं असेल, त्याच्याकडे आधी बघा. विचारा, पुन्हा विचारा, वाईट दिसलं तरी विचारा. आणि विचारून होईपर्यंत गोळी बंद करू नका.