सातवं चॅनल

कडूबानं फ्लॉपी तिसऱ्यांदा आत ढकलली आणि कॉम्प्युटरच्या डब्यावर एक थाप दिली. आतून घरघर आली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी एकेक करून उमटू लागल्या, तसा त्यानं चष्मा वर सरकवला.

"मामा, हपिसात नवा कॉम्प्युटर हाये ना," जिनिंगचा मॅनेजर बद्रीनाथ म्हणाला. "ह्या खटाऱ्यावर कशाला जीव काढता?"

"नव्यावर हे सॉफ्टवेअर चालत न्हाई. तो लई जल्दी पळतो. ह्याला तेवढं पळवत न्हाई."

"म्हंजे तुमच्यासारखंच."

"बराबर," कडूबा म्हणाला.

परतूरच्या त्या जिनिंगमध्ये कापसाचा हंगाम चार दिवसांवर आला होता. टेबलावर पाच वॉकी-टॉकी मांडलेले होते. विटेएवढे जड, कोपऱ्यांचा रंग उडालेले. यंदा परवान्यात नवी फ्रिक्वेन्सी आली होती. ती प्रत्येक सेटमध्ये भरायची होती.

"रजिस्टरला सहा सेट हायेत," बद्रीनाथ म्हणाला. "फिटरचा कुठंय?"

"दुरुस्तीला."

"चौदा महिने झाले की."

"पार्ट मिळत न्हाई."

बद्रीनाथनं त्याच्याकडं पाहिलं आणि चहाचा कप उचलला.

कडूबा इथला फिटर होता. बायको उषाबाई काट्यावर बसायची, गाड्यांचं वजन लिहायची. काट्याची लाइट गेली की सेटवरून नवऱ्याला बोलवायचं, असं ठरलं होतं. पहिल्याच दिवशी तिनं बटन दाबून "अहो" म्हटलं आणि फाटकावरून, गाठी बांधायच्या प्रेसवरून, हपिसातून तिघं एकदमच "बोला" म्हणाले. आठवडाभर जिनिंग हसत होतं. कडूबानं मग दोन सेटमध्ये सातवं चॅनल टाकलं. फ्रिक्वेन्सी तीच, पण बोलण्याखालून एक बारीक सूर जायचा. तोच सूर भरलेला सेट तेवढा तोंड उघडायचा; बाकीच्यांचा सूर वेगळा, ते गप्प. अकरा हंगाम ती त्यावर "अहो" म्हणत राहिली.

ती गेल्यावर त्यानं नोकरी सोडली आणि स्टेशन रोडवर दुरुस्तीचं दुकान टाकलं. सेट मात्र परत केला नाही. रोज संध्याकाळी चार्ज करायचा, सातव्यावर लावायचा, उशाशी ठेवायचा. त्यातून साधी खरखरही येत नसे.

काट्याचा सेट केबलला जोडून त्यानं आधी आतलं वाचून घेतलं. पडद्यावर दोन ओळी आल्या, पहिली आणि सातवी.

"हे सातवं कशाचं?" बद्रीनाथनं विचारलं.

"जुनं हाये."

"मंग उडवा. एकच चॅनल ठेवा. गेल्या साली फाटकवाल्याचं बटन फिरलं अन् गाड्या दोन घंटे रस्त्यावर हुभ्या राह्यल्या."

कडूबानं काही क्षण ती ओळ पाहिली. मग बोटानं कळ दाबली. टक्के वाढत वाढत शंभरला गेले. पुन्हा वाचलं तेव्हा एकच ओळ आली.

पाचही सेट झाले. माणसं आपापले सेट घेऊन जागेवर गेली. काट्याचं काम आता नंदाबाईकडं होतं; ती टेबलाशीच थांबली होती. तिचा नवरा सांडू यंदाच कडूबाच्या जागी फिटर म्हणून लागला होता. त्याला सेटच नव्हता, म्हणून तो प्रेसवाल्याजवळ जाऊन उभा राहिला.

"नंदाबाई, बोलवून बघा मालकाला," बद्रीनाथ म्हणाला.

तिनं सेट तोंडाशी धरला, जरा थांबली.

"अहो, ऐकू येतंय का?"

"बोला!" फाटकावरून आलं.

"बोला की!" प्रेसवाला म्हणाला. मशीनवाल्यानं तर लांब सूर काढून "हुकूम करा" म्हटलं. अंगणभर हसू पसरलं.

नंदाबाईनं सेट टेबलावर आपटला. "मी न्हाई बोलायची ह्याच्यावर. लाइट गेली तर पळत जाईन."

"नाव घ्या की बाई. सांडू म्हणायचं, काम खतम," बद्रीनाथ म्हणाला.

"नाव घ्यायला इथं काय पंगत बसलीया?"

ती पदर खोचून काट्याकडं चालली. कडूबा केबल गुंडाळत होता. त्याचे हात थांबले.

"नंदाबाई," तो म्हणाला. "पाच मिनिटं थांबा."

तो सायकलजवळ गेला. हँडलच्या पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला सेट काढून आणला. फडकं जुन्या लुगड्याचं होतं. ते त्यानं घडी करून खिशात ठेवलं.

"पार्ट मिळाला वाटतं," बद्रीनाथ हळूच म्हणाला.

"मिळाला."

फ्लॉपी पुन्हा घरघरली. कडूबानं नवी फ्रिक्वेन्सी भरली. मग सातव्या ओळीवर जाऊन सुराचा जुना नंबर टाकला. कागद बघावा लागला नाही. काट्याच्या सेटमध्येही तेच केलं.

"मामा, एकच चॅनल म्हनलो होतो मी."

"बाकीच्यांत एकच हाये. ह्या दोघांत दोन."



नंदाबाई आपला सेट घेऊन काट्याच्या खोलीत गेली. कडूबानं आपला सेट सातव्यावर लावला, तळहातावर धरला आणि सांडूला हाक मारली. सांडू अंगण ओलांडून येत असतानाच सेटमध्ये खट्ट झालं.

"अहो. ऐकू येतंय का?"

फाटकावर कोणी हसलं नाही. प्रेसवर कोणी बोललं नाही. फक्त त्या एका सेटमधून आवाज आला. कडूबाचा अंगठा बटनावर गेला होता.

"अहो..."

त्यानं अंगठा उचलला आणि सेट सांडूच्या हातात दिला.

"घे. तुला बोलवून राह्यल्या."

सांडूनं घाईघाईनं बटन दाबलं. कडूबानं त्याचं बोट हलकेच बाजूला केलं.

"आधी तिचं होऊ दे," तो म्हणाला. "मधीच दाबलं की तिचं ऐकू येत न्हाई."