नईमाच्या मापांची लायब्ररी

मित्रांनो, मी एक जुनी लायब्ररी आहे. लगेच कपाटं आणि पुस्तकं डोळ्यांसमोर आणू नका. माझ्यात एकही पुस्तक नाही. मी कॉम्प्युटरमधलं एक फोल्डर आहे आणि माझ्या पोटात एकशे चौदा चित्रं आहेत. विजेच्या यंत्रात हिरवा बोर्ड असतो ना, त्यावर बसणाऱ्या एकेका भागाची ही चित्रं. कुणाला किती पाय, दोन पायांत अंतर किती, भोक केवढं पाडायचं, एवढंच त्यांत असतं. बोर्डाचा नकाशा काढणाऱ्या सॉफ्टवेअरनं मला विचारल्याशिवाय एकही भोक पाडू नये, असं माझं ठाम मत आहे.

माझा जन्म बाळापूरचा. तिथं अब्दुल रहीम यांचं जळालेल्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान होतं. त्या वर्षांत वऱ्हाडात पावसाचा भरवसा नव्हता आणि विजेचा तर त्याहून नाही. तीन फेजपैकी एक मधेच गायब व्हायची, विहिरीवरची मोटर नुसती घुरघुरायची आणि जळून जायची. दुकानासमोर जळक्या मोटरींची रांग लागे. धंदा जोरात, पण रहीमभाईंचा चेहरा उतरलेला. "एकच मोटर तिसऱ्यांदा आली," ते म्हणायचे, "आता त्या माणसाच्या तोंडाकडे मले पाह्यवत नाही."

त्यांची मुलगी नईमा अकोल्याला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आली होती. तिनं ठरवलं, फेज गेली की मोटर आपोआप बंद करणारा बोर्ड बनवायचा. कॉम्प्युटर सेकंडहँड आणला, सॉफ्टवेअर टाकलं. त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या लायब्ररीत हजारो भागांची चित्रं होती, पण सगळी परदेशी मापांची. अकोल्याच्या बाजारात मिळणाऱ्या रिलेचे, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या त्या ठोकळ्याचे, पाय त्या मापात बसेनात. दुसरी एखादी कंटाळली असती. नईमानं वडिलांचा व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची सरकपट्टी, घेतला आणि प्रत्येक भागाचा प्रत्येक पाय तीन-तीनदा मोजला. एकेक चित्र काढून ती माझ्यात ठेवत गेली. दोन वर्षं लागली. मी तिच्या हातची आहे, हे सांगताना मला आजही अभिमान वाटतो.

एक चूक मात्र तिच्याकडून राहून गेली. आपल्या रिलेला तिनं जे नाव दिलं, तेच परदेशी रिलेचंही होतं. मी डेस्कटॉपवर होते आणि सॉफ्टवेअर आधी माझ्याकडेच यायचं, तोवर काही बिघडलं नाही.

मग ती भाद्रपदातली साफसफाई आली. रमजान लागायच्या आधी दुकान लख्ख करायचं, ही रहीमभाईंची रीत. पान्हे खिळ्याला, तारा रिळांवर, जिथली वस्तू तिथं. त्या वर्षी त्यांचं लक्ष कॉम्प्युटरकडे गेलं. डेस्कटॉपवर पडलेलं सामान त्यांना रस्त्यावर पडल्यासारखं वाटलं. माऊस दोन्ही हातांनी धरून त्यांनी मला मोठ्या मायेनं उचललं आणि आत, फोल्डराच्या आतल्या फोल्डरात नेऊन ठेवलं. नईमाला सांगायचं राहिलं. त्यांच्या लेखी ती नुसती झाडलोट होती.

सॉफ्टवेअर जुन्या पत्त्यावर आलं, मी नव्हते. त्यानं तशी सूचनाही दाखवली. पण लाइन, म्हणजे वीज, रोज जायची, आणि आली की ते सॉफ्टवेअर दहा तक्रारींच्या खिडक्या उघडायचं. त्या न वाचता बंद करायची नईमाला सवयच लागली होती. तिनं हीसुद्धा बंद केली. मग सॉफ्टवेअरनं त्याच नावाचा परदेशी रिले उचलला आणि नकाशात बसवून टाकला.

त्या नकाशाची वाट पाहत होत्या सत्यवतीबाई. मन नदीच्या पल्याड त्यांचा एक एकर झेंडू होता. त्यांची मोटर दोनदा जळली होती, पावसानं पाठ फिरवली होती आणि झाडं कळ्यांवर आली होती. नागपूरचा कारखाना आठवड्यातून एकदाच बोर्ड छापायचा आणि त्या दिवशी दुपारपर्यंत फाइल पाठवायची होती. आठवडा हुकला की दसऱ्याला झेंडू नाही.

कितीही घाई असो, नईमाचा एक नेम होता. फाइल पाठवण्याआधी नकाशा खऱ्या मापात कागदावर छापायचा, कागद थर्माकोलवर ठेवायचा आणि खरे भाग त्यात टोचून पाहायचे. सत्यवतीबाई समोरच बसल्या होत्या. गिऱ्हाईक समोर असलं की घरची उर्दू बंद, हा रहीमभाईंचा दंडक.

"मावशी, तुमी टोचता का?" नईमानं विचारलं. "मी तवर बाकीचं पाह्यते."

हार ओवायची सुई बाईंच्या पदराला होतीच. त्यांनी भोकं पाडली आणि रिले धरला. "काहून वं नईमा, याचे दोन पाय गेले, तिसरा बाहेरच राहून राह्यला."

"नीट दाबा नं."

"फुलाच्या देठात सुई घालते मी रोज. याच्यात जागाच नाही, माय."

नईमानं कागद हातात घेतला आणि भोकांची मापं पाहिली; ती परदेशी रिलेची होती. तिनं सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं आणि या वेळी ती खिडकी वाचली. मग डेस्कटॉप पाहिला. मी नाही. "माही लायब्ररी गेली," ती म्हणाली. दोन वर्षांची मापं होती ती, आणि दुसरीकडे कुठं नक्कल नव्हती.

रहीमभाई पुढे आले. "म्या काई फेकलं नाही, बेटा. ते बाहेर पडलं होतं. म्या आत नेऊन ठेवलं, जपून."

"कुठं, अब्बा?"

त्यांना आठवेना. घड्याळात एक वाजला होता आणि दोनला लाइन जाणार होती.

मित्रांनो, दुसरं कुणी असतं तर बापावर ओरडलं असतं. नईमाचा रोजा होता, घसा कोरडा होता, समोर एक एकर झेंडू उभा होता. ती एवढंच म्हणाली, "जपून ठेवलं तर सापडते." आणि एकेक फोल्डर उघडू लागली. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती. दीडच्या सुमारास तिनं 'दुकान' उघडलं, त्यात 'सामान', आणि त्यात मी होते. माझं नावही रहीमभाईंनी बदललं होतं: 'नईमा'. ती हसली आणि तिनं डोळेही पुसले.

आता तिनं काय केलं, ते ऐका. मला उचलून पुन्हा डेस्कटॉपवर ठेवणं सोपं होतं. पण वडिलांनी दिलेली जागा तिनं मोडली नाही. तिनं सॉफ्टवेअरच्या पत्त्यांची यादी उघडली, जुना पत्ता पुसला, नवा पत्ता अक्षर न् अक्षर तपासून लिहिला आणि मला परदेशी लायब्ररीच्या वर, पहिल्या क्रमांकावर नेलं. आपल्या रिलेचं नावही बदललं, नावापुढे 'अकोला' जोडलं. मग खोटा रिले काढून खरा बसवला, कागद पुन्हा छापला. बाईंनी टोचलं. पाचही पाय बसले. फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन रहीमभाई इंटरनेट कॅफेकडे पळाले, आणि ते कोपऱ्यावर पोचले नाहीत तोच लाइन गेली. कॅफेत इन्व्हर्टर होता, म्हणून फाइल वेळेत गेली.

बोर्ड आले. झेंडूच्या विहिरीवर पहिला बसला. तिसऱ्याच दिवशी एक फेज गेली आणि मोटर जळायच्या ऐवजी खट्‌कन थांबली. सत्यवतीबाई म्हणे कितीतरी वेळ त्या बंद मोटरीकडे कौतुकानं पाहत उभ्या होत्या.

दसऱ्याच्या दिवशी त्या टोपली घेऊन दुकानात आल्या. वायंडिंगच्या यंत्राला हार, पान्ह्यांना हार. मग एक हार हातात धरून त्या घुटमळल्या. "रहीमभाऊ, पोरीनं ते पाय मोजून ठेवले, ते कुठं असते?"

नईमा सांगणार, तेवढ्यात रहीमभाई शाळेतल्या मुलासारखे ताठ उभे राहिले आणि घडाघडा म्हणाले, "डी ड्राइव्ह. त्याच्यात दुकान. दुकानात सामान. सामानात नईमा."

ते त्यांनी पाठ केलं होतं. मला अंग नाही, म्हणून बाईंनी हार नईमाच्या हातात दिला.

मित्रांनो, आज मी फारशी उघडली जात नाही. ते रिले आता बाजारात मिळत नाहीत. त्याचं मला दुःख नाही. तुम्हाला एकच विनंती आहे. मला कुणी चोरलं नव्हतं, कुणी पुसलं नव्हतं. मला प्रेमानं उचलून ठेवलं होतं, आणि हरवायला तेवढंच पुरलं. तेव्हा कुणाची वस्तू जपून ठेवाल, तर त्याला हाक मारून जागा सांगा.