सगळ्यांचा एकच थांबा

शाळेचे साहेब कुणालाही कामाला जुंपताना एकच वाक्य म्हणत, "दोन मिनिटांचं तर काम आहे!" स्वतः कधी कुठलं काम केलेलं नसल्यामुळे त्यांचा अंदाज फारच पक्का असे.

आजचं काम नातवाचं होतं. शाळेची बस त्याला कोपऱ्यावर सोडायची आणि तिथून बंगल्याच्या फाटकापर्यंत त्या बिचाऱ्या जिवाला चक्क चालावं लागायचं! तेव्हा शाळेच्या वेबसाइटवर त्याच्या नावापुढचा थांबा बदलायचा होता, आणि ते वेबसाइटवालीकडे आलं. तीन वर्षं ती हंगामीच होती. नोकरी पक्की केल्याचं पत्र टाइप होऊन तिच्या पर्समध्ये पडलं होतं, अडलं होतं ते फक्त साहेबांच्या सहीपाशी. "एवढं झालं की लगेच करतो," हे ती महिनाभर ऐकत होती. संध्याकाळी घरी गेल्यावर आई आताशा काही विचारायचीच नाही, आणि तेच तिला जास्त लागायचं.

"साहेब, आधी सगळ्या नोंदींची एक प्रत काढून ठेवते. काही बिघडलं तर..."

"बिघडतंय कशाला? मॅडम, तुम्ही लोक कामापेक्षा तयारीच फार करता," म्हणत साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

तिने स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची यादी, लिहायला घेतली. पहिल्या ओळीत लिहिलं, थांबा बदलून बंगल्याचं फाटक करा. कुणाचा बदलायचा, ते दुसऱ्या ओळीत यायचं होतं. तेवढ्यात साहेबांचा धीर सुटला.

"झालं की! हे बटण दाबायचं ना?" आणि तिच्या खांद्यावरून हात घालून त्यांनी दाबलंसुद्धा.

पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली, 'बदल यशस्वी'. खाली बदललेल्या नोंदींचा आकडा होता, सहाशे बारा. शाळेत मुलंही तेवढीच होती.

"बघा! उगाच बाऊ करत होतात," म्हणून साहेब जेवायला बंगल्यावर गेलेदेखील.

ती धावत शाळेच्या फाटकापाशी पोचली तर बसेस नुकत्याच सुटलेल्या. ड्रायव्हर फोन उचलेनात. उचलणार कसे? गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही आणि वेबसाइटवरून मोबाईलवर येईल त्याच थांब्यावर मुलं उतरवायची, स्वतःचं डोकं चालवायचं नाही, असा साहेबांचाच हुकूम होता. कधी नव्हे तो सगळ्यांनी तंतोतंत पाळला.

रिक्षाने ती बंगल्यावर पोचली तेव्हा हिरवळीवर, पायऱ्यांवर, झोपाळ्यावर, जिकडे पाहावं तिकडे मुलंच मुलं. बाईसाहेबांच्या गुलाबांचं तर बोलूच नका. पुढच्या बसेसची रांग लागल्यामुळे नातवाची बस कोपऱ्यावरच अडली होती, आणि तो नेहमीसारखा चालत येत होता.

"जुने थांबे परत आणा! आत्ताच्या आत्ता!" साहेब ओरडले.

"कुठून आणू साहेब? प्रत काढलीच नाही ना आपण. आता एकेका मुलाचं घर विचारून लिहावं लागेल."

"अहो, मग लिहा ना! बघताय काय?"

आवाज न चढवता तिने पर्समधून पत्र काढलं, कुणाचातरी डबा खाली धरला आणि त्यावर पत्र ठेवून साहेबांसमोर पेन धरलं.

"आधी ही सही करा, साहेब. दोन मिनिटांचं तर काम आहे."

साहेबांनी एकदा गुलाबांकडे पाहिलं आणि सही केली. शाई वाळायच्या आत तिने मोबाईलवर त्या पत्राचे फोटो काढले. एक नाही, चांगले तीन.