मॅडम शिकवतच नाहीत

न्हावऱ्याच्या शाळेत कोंडिबा तावातावानं शिरला. सातवीतल्या लेकीचा, धनश्रीचा, दाखला काढून तिला शिरूरच्या शाळेत घालायचं, हे त्यानं घरी जाहीर करून टाकलं होतं. पोरगी रडून रडून गप्प झाली होती.

"मॅडम, तुमी शिकवतच न्हाई," तो स्नेहल मॅडमना म्हणाला. "धडा घरी मोबाईलवर बघायचा, आन् शाळेत पोरं गप्पा हाणत्यात. मग तुमचं काम काय?"

आपणा बहुतेक पालकांच्या पोटात हाच प्रश्न असतो. फळ्यासमोर तासभर बोलेल तोच शिक्षक, अशी आपली पक्की समजूत!

मॅडम चिडल्या नाहीत. "कोंडिबाभाऊ, मेंढरांची लोकर कातरायला तुम्ही कसं शिकलात?"

"आधी बापाला बघत बसायचो. मग बाप शेजारी बसून कातर हातात द्यायचा. चुकलं की हात धरायचा."

"आमचंही तेच चाललंय. पूर्वी धनश्री इथं नुसती ऐकायची आणि अवघड गणितं घरी एकटी सोडवायची. तिथं अडली की हात धरायला कोण होतं?"

कोंडिबाला आणि त्याच्या बायकोला, म्हाळसाला, त्या गणितातलं काही येत नव्हतं. पोरगी गाईडमधून उत्तरं उतरवते, हेही त्याला ठाऊक होतं.

"एक तास वर्गात बसा. मग दाखल्याचं बोलू," मॅडम म्हणाल्या.

वर्गात नुसता कल्ला होता. प्रत्येक गटाला सारख्याच लांबीची दोरी मिळाली होती. ही मेंढरांच्या वाड्याची जाळी समजायची आणि जास्तीत जास्त जागा मिळेल असा वाडा फरशीवर आखायचा.

"जाळी तेवढीच, म्हंजी जागा बी तेवढीच," धनश्री ठासून म्हणाली.

कोंडिबाची जीभ वळवळली. मॅडमनी त्याला खुणेनंच थांबवलं. "सांगू नका. शोधू दे तिला."

धनश्रीनं लांबुळका वाडा आखून आतल्या फरश्या मोजल्या. मग चौरस आखला. फरश्या वाढल्या! तिनं पुन्हा मोजल्या, तरी तेच.

"मॅडम, मला न्हाई कळलं," ती मोठ्यानं म्हणाली.

कोंडिबा चमकला. घरी अडली तरी कधी तोंड न उघडणारी ही पोर! मॅडम तिच्याशेजारी फरशीवरच बसल्या. "आता कुठला आकार राहिला?"

"गोल!" धनश्रीनं दोरी फिरवली, अर्ध्यामुर्ध्या फरश्याही जुळवून मोजल्या आणि बापाकडं बघत उडीच मारली. "आण्णा, गोल वाड्यात सगळ्यात जास्त मावत्यात!"

आनंदानं कोंडिबाचे डोळे भरून आले. गोल वाडा त्यानं जन्मभर लावला होता, पण पोरीनं तो स्वतः शोधला होता. दाखल्याचा विषय त्यानं पुन्हा काढलाच नाही.

"गोलातच जास्त का मावत्यात, ते मला बी कवा कळलं न्हाई," तो मॅडमना म्हणाला. "उद्याच्या तासाला येऊ का?"

"या की. पण आधी घरी धडा बघून या."

मंडळी, ऐकण्याचं काम मूल एकटं करू शकतं. ते अडतं तेव्हा मात्र त्याच्याशेजारी माणूस लागतो. आपल्या शिक्षकांना तिथं बसू द्या.