उद्या मिस्त्रींची होडी

मी एक जुना रंधा आहे, मित्रांनो. खडबडीत फळी गुळगुळीत करणारा, सुताराच्या हातातला रंधा. माझे अंग कठीण लाकडाचे आहे, पोटात तिरपे पोलादी पाते आहे आणि ते हलू नये म्हणून ठोकलेली एक पाचर आहे. एका सुताराने मला स्वतःच्या तळव्याच्या मापाने घडवले, आणि वीस वर्षे दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

तो एका लाकूड-कारखान्यात दारे-खिडक्या करायचा. त्याने बसवलेले दार कधी कुरकुरले नाही. पण त्याचा जीव दारांत नव्हता. आमचे घर नदीपासून हाकेच्या अंतरावर होते आणि त्याला होडी बांधायची होती. एका मोठ्या कागदावर त्याने ती मापांसकट काढून ठेवली होती. आमच्या भागात होड्या बाहेरून विकत येत, बांधत कोणीच नसे. चांगला दारांचा धंदा सोडून कोण होडीच्या मागे लागेल, असे लोक म्हणत.

पण लोकांनी त्याला अडवले नाही, मित्रांनो. तो स्वतःच अडून बसला. आधी म्हणाला, लाकूड ओले आहे. लाकूड वाळले तेव्हा थंडीत फळ्या चिकटवायचा सरस धरत नाही म्हणाला. मग शाळेच्या बाकांचे मोठे काम आले, मग गुडघा धरला. होडीसाठी त्याने माझ्याकडून नऊ फळ्या तासून घेतल्या होत्या. त्या घरामागच्या शेडमध्ये भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या दोन किड्यांनी पोखरल्या. कारखान्यातले सोबती त्याला ‘उद्या मिस्त्री’ म्हणू लागले. तोही हसायचा.

एके दिवशी तो कारखान्यात यंत्राच्या करवतीवर फळी चिरत होता. मी बाजूच्या पिशवीत होतो. कोणीतरी गमतीने ओरडले, “काय मिस्त्री, होडी कुठवर आली?”

“अरे, आता या महिन्यात कसं आहे...” असे म्हणत त्याने मान वर केली.

करवतीने त्याच्या उजव्या हाताची चार बोटे नेली. फक्त अंगठा उरला.

त्यानंतर तो घरात खुर्चीवर बसला तो बसलाच. कोणाच्या नावाने बोटे मोडावीत तर त्या हाताला बोटेच नव्हती. इतकी वर्षे त्याची कारणे खोटी होती. आता पहिल्यांदाच खरे कारण मिळाले होते आणि ते त्याने घट्ट धरून ठेवले. मी शेडमधल्या फळीवर पडून राहिलो. पात्यावर गंज चढला, मुठीवर कोळ्याने जाळे विणले.

वर्षभराने मला एका हाताने उचलले. तो त्याच्या बायकोचा हात होता. ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. तिचे तळवे कडक आणि भाजलेले होते. तिने माझे पाते काढले, दगडावर घासले आणि मला घेऊन नवऱ्यासमोर उभी राहिली.

“अहो, हा कसा धरायचा?”

“ठेव तो. बायकांचं काम नाही ते.”

“चादरींचे गठ्ठे उचलते तेव्हा कोणी विचारत नाही, कोणाचं काम आहे ते. कसा धरायचा तेवढं सांगा.”

त्याने तोंड फिरवले.

मग ती एकटीच शिकली. मित्रांनो, त्या दिवसांत मला फार दुखले. ती मला दाबून रेटायची, मी लाकडात रुतायचो. तिची पहिली खिडकी बसलीच नाही आणि दुसरी उघडेना. नणंद येऊन म्हणाली, “वहिनी, या वयात हे काय खूळ? दादाला किती लागत असेल मनाला!”

“तुमच्या दादांनी बसूनच राहायचं ठरवलंय, ताई. मी नाही ठरवलेलं.”

आधी ती लोकांच्या मोडक्या खुर्च्या दुरुस्त करू लागली, पुढे दारे. तिसऱ्या वर्षी तिने धुलाईघर सोडले आणि तो होडीचा कागद शेडमध्ये नेऊन खिळ्यांनी भिंतीवर ठोकला. नवरा आतून धडपडत आला.

“ती माझी होडी आहे!”

“मग या ना. डोळे शाबूत आहेत, जीभ शाबूत आहे. तुम्ही सांगा, मी करते.”

तो दारात उभा राहिला. मला वाटले, आता बोलेल. त्याचे ओठ हललेही. पण तो म्हणाला, “आज डोकं दुखतंय,” आणि परत गेला.

तिने एकटीनेच होडी बांधायला घेतली. ती दोनदा चुकली. पहिल्यांदा तळाचा कणा वाकडा बसला, दुसऱ्यांदा फळ्यांतून पाणी आत आले. तिने सगळे सुटे करून पुन्हा बांधले. तोवर त्याच्या छातीत कफ भरला होता आणि खोकला थांबत नव्हता. एका सकाळी तो भिंत धरत शेडमध्ये आला. उरलेला अंगठा होडीच्या बाजूवरून फिरवत गेला आणि पुढच्या टोकाजवळ थांबला.

“ही फळी लाकडाच्या रेषांच्या उलट तासलीस. इथून फाटेल.”

तिने पाहिले. खरेच होते. तिने त्याच्यासमोर ती फळी काढली.

“आणखी सांगा,” ती म्हणाली.

“उद्या सांगतो. दमलो.”

नऊ दिवसांनी तो गेला. त्या नऊ दिवसांत त्याला श्वास पुरत नव्हता, बोलणे दूरच.

होडी पाण्यात गेली तेव्हा काठावर चाळीसेक माणसे जमली होती. होडी तरंगली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती एकटीच वल्हवत पलीकडे जाऊन आली, आणि उतरल्यावर सरळ घरी गेली.

आता तिच्याकडे दोन होड्यांचे काम आहे. माझे तोंड झिजून रुंद झाले आहे, अंगाला चीर पडली आहे. तिने नवा रंधा घेतला आणि मला फळीवर ठेवले. वरून मला सगळे दिसते. होडीच्या पुढच्या टोकाची फळी वाफेवर वाकवताना तिच्या हातून दर तीन फळ्यांत एक मोडते. त्याला ती युक्ती ठाऊक होती. फळी मोडली की ती तुकडा हातात घेऊन घराच्या दाराकडे बघते, मग खाली टाकते आणि दुसरी फळी घेते.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे हत्यार पडून असेल. ते पुसा, त्याला तेलाचा हात लावा, कामाला घ्या. आणि ते चालवणारा माणूस अजून घरात असेल, तर हातातले सोडून त्याच्याजवळ जाऊन बसा. तो चिडेल, डोके दुखते म्हणेल. तरी उठू नका.