अठ्ठावीस नंबरची जेगिंग

जेगिंग हा शब्दच मला पहिल्यापासून आवडला नव्हता. धड जीन्स नाही, धड लेगिंग नाही. पुढची चेन खोटी, खिसे म्हणजे नुसती शिवण, आणि रंग डेनिमचा म्हणावा तर आत सगळं रबर. बावीस वर्षं मी खरं डेनिम कापलंय. कारखान्यात मला कात्रीबाई म्हणतात. माझ्या टेबलावर असली थेरं आली म्हणून मी आठवडाभर कुरकुरत होते.

त्या दिवशी साडेदहाला इस्त्रीवाला एक पीस घेऊन माझ्याकडे आला. त्याचं माझं कधीच पटलं नाही. त्याने पीस पसरला आणि कमरेला टेप लावला. लेबल अठ्ठावीसचं, टेप दाखवतोय सव्वीस.

"वाफ लागली की आक्रसतंय," तो म्हणाला.

मी दुसरा पीस ओढला, तिसरा ओढला. सगळे तसेच. चारशे पीस होते, सगळे माझ्या हातचे.

याचं कारण मला तिथल्या तिथे कळलं, ते कबूल करते. असलं कापड ताग्यावर ताणून गुंडाळलेलं असतं. ते उलगडून दिवसभर टेबलावर सैल पडू द्यायचं, कापायचं दुसऱ्या दिवशी, नाहीतर ते शिवल्यावर आक्रसतं. तागे उलगडून कापायच्या कापडाचे एकावर एक थर लावायचं काम माझ्या धाकट्या जावेचं. तिने मला विचारलंही होतं, "जाऊबाई, हे आज नुसतं पसरून ठेवायचंय ना?" आणि मी सगळ्यांच्या देखत काय म्हणावं? "कापडाला कसली गं विश्रांती? मला मिळते का कधी? लाव थर!" लोक खो खो हसले. तिने निमूट थर लावले आणि मी कात्री चालवली. डेनिमला असले लाड लागत नाहीत, आणि माझा हात डेनिमवर बसलेला.

तेवढ्यात मालक जिना चढून आले. इस्त्रीवाल्याने आधीच त्यांच्या कानावर घातलं होतं.

"बारा वाजता ऑर्डरवाल्या बाई येतायत," मालक म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली. "चूक कुणाची ते त्यांना सांगावं लागेल. कापड सैल सोडायचं, हे सांगितलं होतं. थर कुणी लावले?"

मशिनं थांबली. सगळ्यांच्या नजरा जावेकडे वळल्या.

"मी," ती म्हणाली.

आता बोल, माझं मन मला म्हणत होतं. अगं बये, बोल. माझा दीर तिला आणि तिच्या पोरीला टाकून गेला, त्याला दोन वर्षं झाली. तीन महिन्यांपूर्वी मीच तिला इथे चिकटवलं. या नोकरीच्या जोरावर तिने एक खोली घेतली, पोरीला शाळेत घातलं. नोकरी गेली की खोली गेली, आणि मग पुन्हा भावाच्या दारात. तिथून ती एकदा रडत परत आली होती. हे सगळं मला माहीत होतं. पण बावीस वर्षांत एकदाही मी कुणासमोर "माझं चुकलं" म्हटलं नव्हतं, आणि ते म्हणायला जीभच रेटेना. मी खाली मान घालून टेप गुंडाळत बसले.

"सामान घ्या आणि निघा," मालक तिला म्हणाले.

तिने डबा पिशवीत टाकला, चपला घातल्या. जिन्यावर तिची पावलं वाजली, एक, दोन, तीन.

"मालक, थर मी लावायला लावले!" मी ओरडलेच. "तिने विचारलं होतं मला. चूक माझी आहे."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं आणि चक्क हसले. "बाई, जावेला पाठीशी घालताय ते समजतं मला. पण तुमच्या हातून असली चूक? शक्य आहे का?"

"अहो, सगळ्यांनी ऐकलंय!" मी वळले. "सांगा ना! हसलात ना तुम्ही सगळे? बोला की!"

काजंवाली दोरा बघत होती, बटणवाला छताकडे. मला आधी संताप आला, मग कळलं. माझ्यापुढे ब्र काढायचा नाही, हे मीच तर त्यांना शिकवलं होतं. कुणी कात्रीबाईची चूक काढली की मी त्याचं वर्षभर जिणं हराम करायची. आता मी हात जोडून विचारत होते आणि सगळे घाबरून गप्प होते. घड्याळात अकरा वाजून गेले होते.

"खरंय," मागून आवाज आला. इस्त्रीवाला होता. "बाईच म्हणाल्या. जावेने विचारलं होतं, बाईंनी उडवून लावलं. पण यांची चूक काढायची कुणाची टाप आहे इथे?"

एवढा कडक शब्द मला उभ्या जन्मात कुणी ऐकवला नव्हता, आणि त्या क्षणी मी त्या माणसाच्या पाया पडले असते.

मालकांचं हसू मावळलं. "मग बारा वाजता तुम्हीच उभ्या राहा त्यांच्यासमोर. आणि या ऑर्डरला तुमची कात्री लागणार नाही. तिला बोलवा वर."

मी धावत खाली गेले. ती शेवटच्या पायरीवर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन.

"चल वर. सांगितलं मी सगळं. नोकरी राहिली तुझी."

ती उठली नाही. "थर कुणी लावले असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी तुमच्याकडे बघत होते, जाऊबाई. तुम्ही टेप गुंडाळत होतात."

"घाबरले गं मी."

"मी काय कमी घाबरले होते? तरी तुमचं नाव नाही घेतलं."

तिने पदराने डोळे पुसले, उठली आणि मला वळसा घालून जिना चढून गेली.

बाराला ऑर्डरवाल्या बाई आल्या. चूक कुणाची, त्यांनी विचारलं. मी पुढे होऊन स्वतःचं नाव सांगितलं, चांगलं मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. जाऊ पलीकडच्या टेबलावर नवा तागा उलगडत होती. तिने मान वर केली नाही.