निर्धारानं उठलेली म्हैस

धोंडुबाईंची नुकतीच व्यालेली म्हैस सकाळपासून मान पोटाकडे वळवून पडली होती. सरकारी लस-औषध नाकारा म्हणत गावोगाव फिरणाऱ्या पृथ्वीराजभाऊंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि गोठ्याबाहेरच्या गर्दीला म्हणाले, "सरकारनं आपल्याला असंच आडवं पाडलंय. करा निर्धार!"

"ना सरकार, ना सुई!" शाहूवाडीच्या डोंगरातली ती अख्खी वाडी गरजली.

म्हैस थरथरली. तिनं ढेकर दिला, शेण टाकलं आणि धडपडत उभी राहिली. बायकांनी हात जोडले.

"बघितलंसा? डॉक्टर लागला? गुलामी सोडली की जनावरालाबी बळ येतंय!" भाऊ म्हणाले.

वर्षाराणी गर्दीत मागे उभी होती. ती याच वाडीची लेक, कोल्हापुरात जनावरांची डॉक्टर. खालच्या गावात घटसर्पानं म्हशी मरू लागल्या म्हणून ती लस घेऊन आली होती. भाऊंचा झेंडा धरून उभा होता तिचाच थोरला भाऊ, आकाराम.

तिनं पुढे होऊन म्हशीची मान चाचपली. केस ओले होते, स्पिरिटचा वास येत होता, आणि शिरेवर रक्ताचा ताजा ठिपका होता.

"धोंडुमामी, आधी इथं कोण आलतं?"

"भाऊंच्या संगतीची दोन पोरं. गोठा शुद्ध करतो म्हणाली, आन् मलाच भाईर काढलं की! म्हणं, तुमच्या मनात अजून सरकार हाय."

कुणीतरी हसलं. वर्षाराणीनं वैरणीत हात घालून रिकामी बाटली आणि रबरी नळी बाहेर काढली.

"हे कॅल्शियम. व्याल्यावर दुधापायी ते रक्तातलं कमी होतं, म्हैस बसते. शिरेतून दिलं की थोड्या वेळात उठते. तुम्ही गप्प बसला असता तरी उठली असती."

"फितुरी हाय ही!" म्हणत भाऊ जीपमध्ये बसले.

गर्दी खाली मान घालून पांगली. वर्षाराणी लसीची पेटी घेऊन घरी आली, तर आकाराम गोठ्याचं दार अडवून उभा.

"दादा, बघितलंस न्हवं?"

"बघितलं. लोकास्नी जागं कराय तसंबी करावं लागतंय. विचार खोटा न्हाय."

"गेल्या साली लस दिली न्हाईस. आपली चंद्री म्हैस मेली."

"आमचा निर्धार कमी पडला."

"लस दिलेल्या म्हशी जगल्या की."

"सरकार मुद्दाम जगवतंय. आमाला फशी पाडाय."

"म्हणजे जनावर जगलं तरी भाऊ खरे, मेलं तरी भाऊच खरे. मग काय झालं म्हणजे तू 'चुकलो' म्हणशील?"

आकाराम चंद्रीच्या रिकाम्या दाव्याकडे बघत राहिला. मग त्याचा आवाज एकदम उतरला.

"मग चंद्रीला मी मारलं म्हणायचं व्हय, वर्षे?"

वैरणीतली बाटली शोधणं सोपं होतं. ही गाठ दादाच्या मनातली होती. तिनं पेटी खाली ठेवली.

"तवा तुला ठावं नव्हतं, दादा. आज ठावं हाय. कालची चूक खरी ठरवायला आजची म्हैस मारू नकोस. भाऊंचं ऐकू नको, माझंबी ऐकू नको. कुणाची जनावरं जगली, कुणाची मेली, तेवढं स्वतःच्या डोळ्यानं बघ."

आत दुसरी म्हैस रेकली. आकारामनं चौकटीवरचा हात काढला नाही. पण पकड घट्टही केली नाही. लस गार ठेवणारा पेटीतला बर्फ वितळत होता. वर्षाराणी सुई भरून त्याची वाट बघत तिथंच उभी राहिली.